सहावी वाटी

१

पुड्याचं तोंड कपाटाकडे होतं.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत शिरल्यावर माझ्या आधी लक्षात आलं ते एवढंच. पेशी वाढवायचं आमचं उबेचं कपाट ओट्यावर असतं आणि त्याच्या माथ्यावर खाऊचा हिरवा पुडा असतो. यंत्र बिघडू नये म्हणून असा पुडा जवळ ठेवायची इकडे रीत आहे. खाऊच्या नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग' असा आहे, आणि तो यंत्राला उद्देशून असतो. पुडा हिरवाच लागतो, आणि त्यावरची मुदत उलटून चालत नाही. आमच्याकडे तो आडवा ठेवतात, छापील बाजू वर, म्हणजे जाता-येता तारीख दिसते. आज तो ओट्यावर उभा होता, कपाटाच्या काचेच्या दाराला टेकलेला, छापील बाजू आत. जणू पेशींना वाचायला ठेवला होता. शिवाय पुडा नवा होता. जुना कचऱ्याच्या डब्यात होता आणि त्याची मुदत शनिवारी संपली होती.

मी पुड्याला हात लावला नाही. त्याला असा कुणीच हात लावत नाही. निंगनिंगच्या पेशींची प्लेट बाहेर काढून मोजणीच्या यंत्रावर ठेवली. प्लेटमध्ये सहा खळगे असतात, आम्ही त्यांना वाट्या म्हणतो.

पलीकडच्या इस्पितळातली निंगनिंग चार वर्षांची आहे. तिच्या चमचाभर रक्तातल्या पेशींना आम्ही मागे फिरवून कोवळं केलं आणि मग पुन्हा वाढवून त्यांच्या चेतापेशी केल्या. त्या पेशींच्या पोटात तिचाच जनुक आहे. चेतापेशीच्या भिंतीत सोडियमला आत घेणारी इवलीशी दारं असतात. हा जनुक ती दारं घडवतो, आणि निंगनिंगच्या जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. तोच बदल जगात आणखी कुणात सापडल्याची नोंद नाही. प्लेटच्या तळाशी तारा आहेत. पेशी एकमेकींशी बोलल्या की पडद्यावर रेघा उमटतात. निंगनिंगच्या पेशी बोलत नसत, किंचाळत. सगळ्या एकदम, मग क्षणभर गप्प, मग पुन्हा एकदम.

शुक्रवारी संध्याकाळी मी यंत्र बंद केलं तेव्हाही त्या किंचाळत होत्या. आज पडद्यावर निवांत, विरळ रेघा होत्या, गावातल्या दुपारसारख्या.

शनिवार-रविवारात कुणीतरी आत येऊन गेलं होतं.

२

"बिघडल्या!" चिंगयाओ डोक्याला हात लावून खाली बसला. आमचा हा पीएचडीचा विद्यार्थी कशालाही डोक्याला हात लावतो. "सहा आठवडे पाणी पाजलं यांना. सहा आठवडे मी गावाला गेलो नाही. आई म्हणते, तू त्या वाट्यांशीच लग्न कर."

"वाट्यांनी तुला होकार दिला नसता," च्येनबाई म्हणाल्या.

बाई आमच्या प्रमुख. दोन वर्षांनी निवृत्त होतील. मेंदू कसा वाढतो यावर त्यांनी आयुष्य घालवलं आणि अजून मांजरांना घाबरतात. सोमवारी सकाळी सगळे त्यांच्या खोलीत जमतात. मी, चिंगयाओ, पेशींना रोज खाऊपिऊ घालणाऱ्या शीमावशी, आणि काचेचा पूल ओलांडून इस्पितळातून येणारे औयांग डॉक्टर. डॉक्टर निंगनिंगवर उपचार करतात. डॉक्टर होण्याआधी त्यांनी याच प्रयोगशाळेत पदवी घेतली होती. बाईंचे ते पहिले विद्यार्थी. पन्नाशीचे झाले तरी बाई त्यांना एकेरीच हाक मारतात.

मी डॉक्टरांना सांगितलं की निंगनिंगच्या पेशी शांत झाल्यात.

डॉक्टरांनी सोयादुधाचा पेला खाली ठेवला. "सगळ्याच वाट्या?" त्यांनी विचारलं.

"अजून एकेक बघितली नाही," मी म्हटलं. "एकूण प्लेटचा आकडा खाली आलाय."

"अदलाबदल झाली असणार," शीमावशी म्हणाल्या. "बापाची प्लेट लेकीच्या जागी, लेकीची बापाच्या. पूर्वी एकदा झालं होतं की."

कपाटात तीन प्लेटी होत्या. एक निंगनिंगची. एक तिच्या बाबांची, ज्यांच्या जनुकात तो बदल नाही. आणि एक निंगनिंगच्याच पेशींची, पण ते एक अक्षर आम्ही दुरुस्त केलेली.

बाई हसल्या. "अहो मावशी, अदलाबदल झाली असती तर किंचाळणारी प्लेट दुसऱ्या कुठल्या तरी जागी सापडली असती ना? युनशू, बाकीच्या दोन कशा आहेत?"

"नेहमीसारख्या. शांत."

"मग किंचाळणं गेलं कुठे?"

ते कुठे गेलं यावर बरंच काही अवलंबून होतं. निंगनिंगला दिवसातून कितीदा तरी झटके येत. वर्षभरापूर्वी ती 'आई' म्हणायची, 'दूध' म्हणायची, मांजर दिसलं की म्याँव करायची. आता फक्त म्याँव उरलं होतं. या वयात मेंदू स्वतःचे रस्ते आखत असतो, आणि प्रत्येक झटका आखलेले रस्ते पुसत जातो. एक जुनं, स्वस्त औषध आहे, ते सोडियमची दारं अडवतं. दारं जास्त वेळ उघडी राहत असतील तर त्याने मूल सावरतं. पण त्याच जनुकातल्या दुसऱ्या प्रकारच्या बदलाने दारं मुळातच नीट उघडत नाहीत. अशा मुलाला ते औषध दिलं तर हाल वाढतात. निंगनिंगचा बदल कुठल्या प्रकारचा, हेच ठरत नव्हतं. झटके सुरू झाले ते वयही मधलंच होतं, त्यावरून काही सांगता येईना. पेशींचं किंचाळणंही पुरावा नव्हतं. चेतापेशी दोन्ही वाटांनी बेभान होऊ शकतात.

म्हणून औयांग डॉक्टर गेले कित्येक महिने निंगनिंगच्या आईला सांगत होते, थोडं थांबू. आणि बाई सांगत होत्या, पेशी आणखी तीन आठवडे वाढू देत, मग त्यांच्यावर औषध तपासू.

"चला, एकेक वाटी बघू," बाई उठल्या.

पहिल्या वाटीत पेशी किंचित निवळल्या होत्या. दुसरीत जरा जास्त. तिसरी, चौथी, पाचवी, प्रत्येक आधीच्यापेक्षा शांत.

सहावी वाटी पूर्वीसारखीच किंचाळत होती.

३

"पाणी बदला," बाई म्हणाल्या.

शीमावशींनी सगळ्या वाट्यांतला जुना द्रव काढून बाजूला ठेवला आणि ताजा घातला. दुपारच्या जेवणाला आम्ही टर्कीचा भात मागवला. मुळ्याच्या लोणच्याचा शेवटचा तुकडा कुणाचा यावरून चिंगयाओ आणि मावशींचं भांडण झालं. तीन वाजेपर्यंत सहाही वाट्या किंचाळायला लागल्या.

"म्हणजे पेशी बिघडल्या नाहीत," मी म्हटलं. "द्रवात काहीतरी होतं. धुतल्यावर गेलं."

"दारं अडवणारं काहीतरी," बाई म्हणाल्या. "आणि मोजून घातलेलं. जो आला तो नासधूस करायला आला नव्हता, युनशू. नासधूस करणारा एक वाटी कोरी ठेवत नाही. कोरी वाटी कुणाला लागते? ज्याला फरक बघायचाय त्याला."

दाराच्या कुलुपाचा आकडा सगळ्या मजल्याला आणि अर्ध्या इस्पितळाला ठाऊक आहे. तेव्हा कोण आलं हे दाराला विचारण्यात अर्थ नव्हता. बाई माणसांना विचारतात. विचारताना त्या पेरू कापतात, फोडींवर आंबटगोड आलुबुखाऱ्याची पूड भुरभुरवतात आणि बशी समोर सरकवतात. तोंडात पेरू असताना माणूस खोटं बोलू शकत नाही, असं त्यांचं मत आहे.

आधी चिंगयाओ. औषध लवकर तपासा म्हणून महिनाभर तोच मागे लागला होता. शुद्ध औषधाची बाटलीही त्यानेच मागवली होती.

"मी नाही, बाई. बाटली फ्रीजमध्ये आहे, तिचं सीलसुद्धा फोडलेलं नाही. बघा ना."

"बघितलं. पण समज, तू केलं असतंस. पाच वाट्यांत किती किती घातलं असतंस?"

"नेहमीसारखं. एक, दहा, शंभर, हजार, दहा हजार. दर वेळी दहापट."

"आणि त्यातली शेवटची वाटी?"

"मेली असती," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "माझी शेवटची वाटी नेहमीच मरते. पण त्याशिवाय वरची हद्द कशी कळणार?"

"खा पेरू," बाई म्हणाल्या. "तू सुटलास."

मला कळायला थोडा वेळ लागला. पाचही वाट्यांतल्या पेशी जिवंत होत्या, एकही पूर्ण गप्प झाली नव्हती. घालणाऱ्याच्या पायऱ्या लहान होत्या, आणि वर जाताना तो एका ठिकाणी थांबला होता. नुसत्या प्रयोगशाळेत वाढलेला कुणीही त्या जागी थांबला नसता.

मग शीमावशी. त्या बशीकडे बघतच राहिल्या. फोड उचलेनात.

"मावशी, पेरू कडक आहे का?"

"नाही हो बाई." त्यांनी पदराशी चाळा करावा तसा एप्रनच्या नाडीशी चाळा केला. "शनिवारी मी खायला घालायला आले होते ना… तेव्हा मी एकीला आत आणलं होतं."

"कुणाला?"

"निंगनिंगच्या आईला."

४

पेइशान, निंगनिंगची आई, स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात औषधतज्ज्ञ आहे. मुलांना किती वजनाला किती औषध, हे तिला झोपेतही सांगता येतं. त्या लहान पायऱ्या घालायला असाच हात लागतो. पूल ओलांडताना मी हे बाईंना म्हटलं.

"म्हणून तर पेरू बरोबर घेतलेत," बाई म्हणाल्या.

निंगनिंग पलंगावर आईला टेकून बसली होती. टाळूवर तारा चिकटवलेल्या, उशाशी झटके टिपणारं यंत्र. बाईंना बघून ती म्हणाली, "म्याँव." बाई खरोखरच दचकल्या. निंगनिंग खुदकन हसली. हा त्या दोघींचा जुना खेळ होता.

"मावशींना रागावू नका," पेइशान आधीच म्हणाली. "मीच गळ घातली. म्हटलं, माझ्या लेकीचा मेंदू कसा दिसतो ते एकदा दाखवा. सूक्ष्मदर्शकातून बघितलं. धाग्याला धागा जोडत चाललेत बिचारे. मी त्यांना म्हटलं, हळू रे, सावकाश. वेड्यासारखीच बोलले."

"आम्हीही बोलतो," मी म्हटलं.

बाईंनी पेरूची फोड तिच्या हातात ठेवली. "पेइशान, त्या वाट्यांत कुणीतरी औषध घातलंय. तुझ्या दुकानात ते औषध असतं."

तिने फोड खाली ठेवली. रागाने तिचे कान लाल झाले. "असतं. गोळ्या असतात. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना मी त्या बाटलीकडे बघते. रोज! दिल्या का मी लेकीला? आणि बाई, मी वाट्यांत घातलं असतं ना, तर सगळ्यांत घातलं असतं. एकही वाटी मी तशी तडफडत ठेवली नसती. विचारून बघा कुणालाही, आई असं करेल का म्हणून!"

बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाही करणार. चुकलं माझं. खा."

मी काढून ठेवलेल्या द्रवाचा विचार करत होते. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्वच्छ होता. गोळी कुटून घातली असती तर खडूसारखे कण दिसले असते. शुद्ध औषधाची बाटली बंद होती. मग उरतं ते टोचायचं औषध. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, इस्पितळातच असतं.

तेवढ्यात निंगनिंगला झटका आला. तो लहान होता, पण तो संपेपर्यंत खोलीतलं कुणी हललं नाही. पेइशान तिला कुशीवर धरून सेकंद मोजत होती. परिचारिका आत आली, तिने यंत्रावरचं बटण दाबलं आणि त्यासमोर उभा ठेवलेला पुडा नीट केला.

हिरवा पुडा. उभा. छापील बाजू यंत्राकडे.

"उलटा का ठेवता हो?" मी विचारलं.

"उलटा कसा?" परिचारिका निंगनिंगच्या गालावरचे केस सारत म्हणाली. "सांगायचंय ते यंत्राला ना? पाठ फिरवून सांगितलं तर त्याला कळणार कसं? आमच्या वॉर्डात सगळे असाच ठेवतात."

मी बाईंकडे बघितलं. त्या निंगनिंगकडे बघत होत्या.

"मला वाटतं तुम्हाला आधीच कळलं होतं," मी म्हटलं.

"सकाळीच शंका आली होती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण ती खरी ठरू नये असं वाटत होतं."

५

औयांग डॉक्टर पुलाच्या मधोमध उभे होते. खाली अंगणातल्या झाडांवर ऊन उतरत होतं. बाईंनी पेरूचा डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डब्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"म्हणजे माझी पाळी आली."

"सकाळी कुणी म्हणालं पेशी बिघडल्या, कुणी म्हणालं अदलाबदल झाली," बाई म्हणाल्या. "तू एकट्याने विचारलंस, सगळ्याच वाट्या का. वाट्यावाट्यांत फरक आहे हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. कोरी वाटी ठेवायला मी शिकवते, ती माझे विद्यार्थीच ठेवतात. पण पायऱ्या मुलाच्या रक्तात पेलतील एवढ्याच, त्यापुढे नाही. तो विचार वॉर्डातला. हात माझ्याकडचा आणि डोकं इस्पितळातलं, असा माणूस आपल्या या शहरात, चियायीत, एकच आहे. आणि तो पुडा, लेका! चोरून करायला आलास आणि यंत्राला नवा पुडा घेऊन आलास?"

"जुन्याची मुदत संपली होती," डॉक्टर म्हणाले. "तशा पुड्यासमोर निंगनिंगच्या पेशींना हात लावायचा? माझ्याने झालं नसतं."

मला हसू आलं. बाईंनाही आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"सहा आठवड्यांचं काम होतं रे पोरांचं."

"जाणतो. माफी मागतो त्यांची." त्यांनी कठड्यावर हात टेकले. "तुम्हाला तो आ-झे आठवतो? सहा वर्षांपूर्वीचा माझा लहान पेशंट. हाच जनुक, बदललेलं अक्षर वेगळं. मला खात्री होती. मी हेच औषध दिलं. त्याची दारं मुळातच अर्धवट उघडत होती आणि मी तीही अडवली. तो सावरला, आता शाळेत जातो. पण ते दिवस… त्याची आजी मला रोज विचारायची, डॉक्टर, आज तरी बरं वाटेल ना? तेव्हापासून मी 'थोडं थांबू' म्हणायला शिकलो. बाई, मी निंगनिंगसाठी थांबलो नव्हतो. मी घाबरलो होतो म्हणून थांबलो होतो. रविवारी वाटलं, निदान वाटीला तरी देऊन बघावं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तीन आठवडे."

"म्हणालेच असते."

"तीन आठवड्यांत तिचं म्याँवसुद्धा जाईल असं वाटलं."

खालून कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला. बाईंनी एक फोड उचलली आणि आ कर म्हटल्यासारखी डॉक्टरांच्या तोंडाशी धरली. आमचे पन्नाशीचे डॉक्टर शाळकरी मुलासारखे ती खाऊ लागले.

"तू चुकलास," बाई म्हणाल्या. "आणि थोडी मीही. पेशी पूर्ण वाढल्याशिवाय तपासायचं नाही, हा माझा हट्ट होता. पण हे दार मेंदूत कोवळेपणीच सगळ्यात जास्त राबतं. कोवळ्या पेशींनाच विचारायला हवं होतं. तरी तुझ्या रविवारच्या प्रयोगाला पुरावा म्हणून मी कवडीची किंमत देत नाही. कुठल्या वाटीत काय घातलं हे तुला माहीत होतं. आणि बापाच्या पेशींना दिलंसच नाहीस. कळतंय का?"

"कळतंय."

"युनशू, कळतंय ना?"

"कळतंय, बाई," मी म्हटलं. "उद्या सकाळी सुरू करू."

६

तिन्ही प्लेटींवर आम्ही तो प्रयोग पुन्हा केला. कुठल्या वाटीत औषध आणि कुठल्या वाटीत नुसतं पाणी हे फक्त शीमावशींना ठाऊक होतं, आणि त्या एवढ्या गंभीर झाल्या की दोन दिवस कुणाशी हवापाण्याचंही बोलल्या नाहीत. चिंगयाओने त्यांना मुळ्याचं लोणचं देऊ केलं, तरी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांना बाईंनी दाराबाहेर बसवलं आणि पेरू कापायला लावले. त्यांच्या फोडी भयंकर जाड होत्या.

गुरुवारी मावशींनी गुपित उघडलं. निंगनिंगच्या पेशी औषधाच्या पायऱ्यांबरोबर निवळत गेल्या होत्या. तेवढ्याच औषधाने तिच्या बाबांच्या पेशींना जवळपास काहीच झालं नव्हतं. दुरुस्त केलेल्यांनाही नाही. वाढीव होतं ते फक्त निंगनिंगच्या दारांचं उघडं राहणं, आणि औषधाने तेच तेवढं आवरलं होतं.

"वाटी म्हणजे मूल नव्हे," बाई कागद डॉक्टरांकडे देत म्हणाल्या. "वाटी झोपत नाही, तापत नाही, आईला चिकटत नाही. मी तुला एवढंच सांगू शकते की तुझ्याजवळ आता भीतीपेक्षा बरं काहीतरी आहे. पुढचं माझं काम नाही."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पूल ओलांडला. नियमाप्रमाणे मी जायची गरज नव्हती, चिंगयाओची तर मुळीच नव्हती. तरी तो आला, आणि मावशीही आल्या. इस्पितळात पेशंटच्या खोलीत एवढी माणसं चालत नाहीत, म्हणून आम्ही दारात गर्दी करून उभे राहिलो.

पेइशान निंगनिंगला लापशी भरवत होती. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. रविवारी आपण चोरून काय केलं तेही, आणि त्या दुसऱ्या मुलाचंही. तिला वाईट वाटेल असा एकही शब्द त्यांनी गाळला नाही. ते बोलत होते तोवर तिने चमचा हवेत धरून ठेवला होता. निंगनिंगने मान पुढे करून तो स्वतःच तोंडात घेतला.

"म्हणजे," पेइशान अखेर म्हणाली. "आता तुम्ही म्हणाल, अजून थोडं थांबू."

डॉक्टर पलंगाशेजारी उकिडवे बसले, निंगनिंगच्या डोळ्यांच्या रेषेत. बाई माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध आज सुरू करतोय. सगळ्यात लहान डोसपासून. आणि पहिली रात्र मी इथेच बसणार आहे."